फॉरवर्डची चौकशी

गजबजलेल्या वस्तीत मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतायत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि भरधाव निघून जातात. २०१८च्या उन्हाळ्यात हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून भारतभर फिरला. सोबत मजकूर असायचा की मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. 'आपला भाग' मात्र प्रत्येक जिल्ह्यात वेगळा. मुळात तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा होता. रोशनी हेल्पलाइन या संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जाहिरात. तिच्या शेवटी तेच मोटारसायकलवाले परत येतात, पोराला सोडतात आणि मूल पळवायला एक क्षणही पुरतो, असा इशारा देणारा फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या व्हिडिओतून शेवटचा हा तुकडा कापलेला होता.

त्या दिवसांत अशाच अफवांनी पेटलेल्या हवेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पोट भरण्यासाठी गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी म्हणजे हीच, असं जमावाने ठरवलं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे २०२०मध्ये वारंवार फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. अफवेचा वेग त्याने कमी झाला, पण अफवेवर विश्वास ठेवणारं मन तसंच राहिलं. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले, तेव्हाही त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती.

कराचीच्या त्या व्हिडिओतलं अपहरण अभिनयाचं होतं, पण चित्रण बनावट नव्हतं. दृश्यं खरोखर चित्रित केलेली होती, कुणी संगणकावर रचलेली नव्हती. खोटी होती ती त्याला जोडलेली कहाणी. म्हणून तो व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून दहादा पाहिला असता, तरी त्यातलं खोटं दिसलं नसतं. ते कळायला व्हिडिओच्या बाहेर जाऊन हा कुठून आला आणि कुणी बनवला, हे शोधावं लागलं असतं. माध्यमशिक्षणाची सुरुवात या बाहेर जाण्यापासून होते. आपल्या शाळांत नेमकं तेच शिकवलं जात नाही.

आपल्याकडे डिजिटल साक्षरता म्हणजे यंत्र हाताळता येणं, असा अर्थ रुळला आहे. एका काळापुरता तो योग्यही होता. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी राज्यातल्या लाखो लोकांच्या मनातली संगणकाची भीती घालवली. पण आजच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना फोन हाताळायला शिकवण्याची गरज राहिलेली नाही. 'असर'च्या २०२४च्या ग्रामीण भारताच्या शैक्षणिक पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलं का, असं विचारल्यावर ५७ टक्के हो म्हणाले. समाजमाध्यमं वापरणारे होते ७६ टक्के. म्हणजे हात तयार झाला आहे. प्रश्न नजरेचा आहे.

ही नजर नुसत्या सरावाने येत नाही, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं. इतिहास-शिक्षणाचे अभ्यासक सॅम वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८-१९मध्ये अमेरिकेतल्या ३,४४६ शाळकरी मुलांना काही कामं दिली. इंटरनेट हाताशी होतं आणि काहीही शोधायची मुभा होती. त्यांना फेसबुकवरचा एक धूसर व्हिडिओ दाखवला. मतदान केंद्रावर कुणीतरी पेटीत मतपत्रिका कोंबताना दिसत होतं आणि हा अमेरिकेतल्या निवडणुकीतला गैरप्रकार असल्याचा दावा होता. ५२ टक्के मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. प्रत्यक्षात चित्रण रशियातलं होतं. नेटवर थोडा शोध घेतला असता तर ते उघड झालं असतं. तीन हजारांहून जास्त मुलांपैकी मूळ स्रोतापर्यंत पोचली ती फक्त तीन मुलं. मोबाइल घेऊनच वाढलेली पिढी इंटरनेटची जाणकारही असते, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

मग जाणकार नेमकं काय करतात? वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी त्याआधी, २०१७मध्ये, हे जवळून पाहिलं होतं. त्यांनी तीन गट घेतले: इतिहासाचे दहा पीएचडीधारक अभ्यासक, दहा व्यावसायिक फॅक्ट-चेकर आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. सगळ्यांना अनोळखी संकेतस्थळं दिली आणि ती पडताळताना त्यांच्या स्क्रीनवर काय घडतं ते नोंदवलं. एका कामात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक १९३०पासूनची, हजारो सदस्यांची मातब्बर संघटना. दुसरी तिच्यातून २००२मध्ये समलिंगी जोडप्यांनी मुलं दत्तक घेण्याच्या मुद्द्यावर फुटून निघालेला छोटा गट. दोन्हींची नावं सारखी आणि पानंही तितकीच देखणी. विद्यार्थ्यांनी पान वरपासून खालपर्यंत नीट वाचलं, संदर्भसूची आहे का ते पाहिलं, मांडणी तपासली. आणि अर्ध्याहून अधिक जणांनी फुटीर गटाला जास्त विश्वासार्ह ठरवलं. अनेक इतिहासकारही गोंधळले. फॅक्ट-चेकर मात्र पानावर जेमतेम काही क्षण थांबले. लगेच शेजारी नवे टॅब उघडून, या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते त्यांनी वाचलं आणि झटपट बरोबर उत्तर गाठलं. संशोधकांनी या पद्धतीला आडवं वाचन म्हटलं आहे.

आपल्याला ही रीत नवी नाही. मुलीसाठी स्थळ आलं की बायोडाटा कितीही सुबक असला, तरी चौकशी आपण बायोडाट्यात करत नाही. मुलाच्या गावात, त्याच्या ऑफिसात, नात्यागोत्यातल्या चार माणसांत करतो. त्याने स्वतःबद्दल काय लिहिलंय यापेक्षा दुसरे काय सांगतात, याला आपण वजन देतो. स्थळाच्या बाबतीत एवढे सावध असलेले आपण फॉरवर्डच्या बाबतीत मात्र नुसत्या बायोडाट्यावर होकार देऊन मोकळे होतो.

शाळेने आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं. उतारा मन लावून वाचा, पुन्हा वाचा, उत्तर उताऱ्यातच आहे. पाठ्यपुस्तकासाठी हे उत्तम, कारण ते तज्ज्ञांनी तपासलेलं असतं. पण ज्याचा लेखक, पैसा पुरवणारा आणि हेतू यातलं काहीच माहीत नाही, असा मजकूर मन लावून वाचणं म्हणजे त्याच्या रचनाकाराच्या हातात स्वतःहून जाणं. म्हणून कुठे बारकाईने वाचायचं आणि कुठे मुळात वाचतच बसायचं नाही, असे दोन वेगवेगळे सराव मुलांना हवेत.

अमेरिकेतले शिक्षक माइक कॉलफील्ड यांनी हा सराव चार पायऱ्यांत बसवला आहे. पहिली पायरी थांबण्याची. एखाद्या संदेशाने छातीत धडकी भरली किंवा तळपायाची आग मस्तकात गेली, तर पहिला संशय त्या संदेशावर घ्यायचा. माणसाने थांबू नये म्हणूनच बरेचदा तो तसा लिहिलेला असतो. दुसऱ्या पायरीवर सांगणारा कोण ते पाहायचं. तिसरीवर हीच गोष्ट आणखी कुठे, जास्त खात्रीच्या ठिकाणी आली आहे का ते शोधायचं. चौथी पायरी म्हणजे चित्र, वाक्य किंवा आकडा मुळात कुठला होता तिथपर्यंत जाणं. व्हिडिओतल्या एका दृश्याचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सला दिला, की तेच दृश्य आधी कुठे आलं होतं ते बरेचदा समोर येतं. सातवीतल्या मुलाला हे सहज जमतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात या पायऱ्यांचं मोल वाढलं आहे. बनावट चित्र ओळखायचं तर हाताची बोटं मोजा, असं काही वर्षांपूर्वी सांगितलं जायचं. नव्या प्रणाली आता बोटं बरोबर काढतात. चित्रातली खूण शोधण्याची प्रत्येक युक्ती अशीच कालबाह्य होत जाणार. हे चित्र प्रथम कुणी, कुठे प्रसिद्ध केलं, हा प्रश्न मात्र कालबाह्य होत नाही.

हे सगळं शिकवल्याने खरोखर फरक पडतो का, याचा शोध घेणारे दोन प्रयोग आपल्याच देशात, बिहारमध्ये झाले. दोन्हींत राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन होत्या. पहिला प्रयोग २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळातला. बाराशेहून अधिक प्रौढांपैकी काहींना घरी जाऊन सुमारे तासभर प्रशिक्षण दिलं. त्यात चित्रावरून त्याचा उगम शोधण्याचा, म्हणजे उलट चित्रशोधाचा, सरावही होता. दोन आठवड्यांनी तपासलं, तर खोटी बातमी ओळखण्याच्या क्षमतेत एकंदरीत फरक पडला नव्हता. काही पक्षसमर्थकांच्या बाबतीत तर स्वतःच्या पक्षाला सोयीची अफवा ओळखण्याची क्षमता उलट घटली. त्याच सुमारास आणखी एका संशोधनात वापरकर्त्यांना नुसत्या सूचना वाचायला दिल्या होत्या. ऑनलाइन असलेल्या सुशिक्षित भारतीयांना त्यांचा उपयोग झाला, उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात काहीच झाला नाही.

दुसऱ्या प्रयोगात संशोधकांनी जवळपास सगळंच बदललं. प्रौढांऐवजी तेरा ते अठरा वर्षांची मुलं घेतली. घराच्या ओट्याऐवजी वाचनालयातला वर्ग आणि एका तासाऐवजी काही आठवड्यांत विखुरलेली सत्रं ठेवली. बरोबर गृहपाठ, चर्चा आणि राज्य सरकारच्या यंत्रणेचा पाठिंबा. ५८३ गावांतली साडेतेरा हजारांहून अधिक मुलं यात होती. यातल्या एका गटाला माध्यमसाक्षरता शिकवली आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला इंग्रजी. आरोग्याविषयीच्या अफवांवर भर देऊन शिकलेली ही मुलं खरं-खोटं वेगळं करण्यात स्पष्टपणे पुढे गेली. चार महिन्यांनीही तो फरक टिकून होता. वर्गात कधी न आलेल्या राजकीय अफवांच्या बाबतीतही तो दिसला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, वर्गात पाऊलही न टाकलेल्या त्यांच्या आईवडिलांमध्येही सुधारणा आढळली.

हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले, की आपल्या शाळांतल्या 'सायबर जागृती'च्या एकदिवसीय कार्यक्रमांचं काय होत असेल याचा अंदाज येतो. पाहुणे येतात, हारतुरे होतात, प्रोजेक्टरवर पन्नास स्लाइड जातात, फोटो निघतो. समज मात्र एका व्याख्यानाने बदलत नाही, कारण अफवा हा केवळ माहितीचा प्रश्न नसतो. ती आपल्या माणसांकडून येते, आपल्या भीतीला आणि अभिमानाला धरून येते. काकांनी ग्रुपवर टाकलेल्या संदेशाला 'हे खोटं आहे' म्हणणं, हे मुलांसाठी ज्ञानापेक्षा धाडसाचं काम असतं. सगळा वर्गच असं विचारू लागला, की ते धाडस उरत नाही, सवय होते. प्रौढांपेक्षा मुलांची मतंही अजून घट्ट झालेली नसतात.

फिनलंडने ही सवय एका विषयात न कोंबता सगळ्या विषयांत पसरवली. २०१६पासून लागू झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात विविध प्रकारचे मजकूर वाचण्याची आणि रचण्याची क्षमता प्रत्येक विषयाची जबाबदारी आहे. गणितात आकड्यांनी फसवणूक कशी होते, चित्रकलेत चित्राचा अर्थ कसा फिरवला जातो, इतिहासात गाजलेल्या प्रचारमोहिमा कशा चालल्या, हे मुलं शिकतात. माध्यमसाक्षरतेच्या युरोपीय क्रमवारीत हा देश सातत्याने पहिला असतो. अर्थात तिथल्या शिक्षकांना मिळणारी मोकळीक आणि वृत्तपत्रांवरचा लोकांचा भरवसा यांचाही त्यात वाटा आहे. तो आयात करता येत नाही.

आपल्याकडे केरळने वेगळी वाट काढली. २०१७मध्ये गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांनी पालक लस नाकारू लागले, तेव्हा कण्णूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने खोट्या बातम्यांविषयीचे तास सुरू केले. पुढे याच नावाने राज्याच्या शिक्षण-तंत्रज्ञान संस्थेने लाखो मुलांना प्रशिक्षण दिलं.

महाराष्ट्राच्या वर्गात हे आणायचं तर नव्या विषयाची किंवा जाड पुस्तकाची गरज नाही. कच्चा माल रोज फोनवर येऊन पडतो. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेले उतारे फिरत असतात. मराठीच्या तासाला असा एक उतारा फळ्यावर लिहावा आणि तो कोणत्या पुस्तकात आहे ते शोधायला लावावं. मुलं ग्रंथालयात जातील, शैली ओळखायला शिकतील, आणि यात कुणाचा पक्ष किंवा धर्म दुखावणार नाही. दर पावसाळ्यात दुसऱ्याच राज्यातल्या पुराचा व्हिडिओ आपल्या घाटाच्या नावाने येतो. भूगोलाच्या तासाला तो थांबवून पाहावा: दुकानाच्या पाटीवर लिपी कोणती, गाडीचा क्रमांक एमएचने सुरू होतो का, झाडं आणि छपरं आपल्याकडची आहेत का? गणिताच्या तासाला ४८ आणि ५० हे दोन आकडे घेऊन स्तंभालेख काढावा, पण अक्ष शून्याऐवजी ४७पासून सुरू करावा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसेल. एकही आकडा खोटा नाही, तरी चित्र खोटं बोलतं, हे मुलांनी स्वतः काढून पाहिलं की ते कायमचं लक्षात राहतं.

स्वतः करून पाहण्याला महाराष्ट्रात चांगली परंपराही आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. टेलिफोन होते आणि मंदिरांपुढच्या रांगा होत्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांनी चमच्यातलं दूध कसं ओढलं जातं, हे तेव्हा वैज्ञानिकांनी दाखवलं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही शाळांत आधी चमत्कार करून दाखवतात आणि मग त्यामागची हातचलाखी उलगडतात. एकदा युक्ती कळलेल्या मुलाला पुढचा बुवा सहज फसवू शकत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला सिद्धान्त हेच सांगतो: फसवणुकीची सौम्य मात्रा आधी दिली, तर मन पुढच्या फसवणुकीला तोंड द्यायला तयार होतं. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये याच तत्त्वावर 'बॅड न्यूज' हा ऑनलाइन खेळ आणला. त्यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्यांचा कारखाना चालवतो. आपल्या शाळेत याहून सोपं करता येईल. स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्याचं मिनिटभराचं चित्रण घ्यायचं, पुढचे-मागचे काही सेकंद उडवायचे, वर एक भडक ओळ टाकायची, आणि मैत्रीपूर्ण प्रसंगाचं भांडण कसं होतं ते वर्गात पाहायचं.

असे तास आखताना हातात फोन कुणाकुणाच्या आहे, याचंही भान हवं. 'असर'च्या २०२३च्या पाहणीत चौदा ते अठरा वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २० टक्के होतं. तुमच्या-तुमच्या फोनवर शोधा, एवढं सांगून सुरू केलेला तास मुलींना बाहेरच ठेवतो. गटात एक फोन किंवा शाळेचा संगणक पुरेसा असतो.

यात एक खरा धोका आहे, आणि उत्साहाच्या भरात त्याकडे दुर्लक्ष होतं. संशय घ्यायला शिकवणं फार सोपं असतं. चार खोट्या बातम्या दाखवल्या की मूल शिकतं: सगळेच खोटं बोलतात, वर्तमानपत्रंही, डॉक्टरही, सरकारही. हुशारी वाटावी अशी ही वृत्ती प्रत्यक्षात अफवा पसरवणाऱ्यांच्या सोयीची असते. तंबाखू कंपन्यांनी अनेक दशकं सिगारेट निरुपद्रवी असल्याचं सिद्ध केलं नाही. सिगारेटने कर्करोग होतो की नाही यावर तज्ज्ञांत एकमत नाही, एवढीच शंका त्यांनी जिवंत ठेवली. त्यांचा धंदा तेवढ्यावर चालला. अमेरिकन अभ्यासक डॅना बॉइड यांनी २०१८मध्ये शिक्षकांसमोर हाच इशारा दिला होता: प्रत्येक गोष्टीला प्रश्न विचारा, एवढंच शिकवलं, तर विश्वासाची जागा रिकामी राहते आणि ती भरायला कुणीही पुढे येतं.

म्हणून विश्वास कुठे ठेवायचा आणि का, हेही शिकवावं लागतं. वर्तमानपत्राने चूक केली तर दुरुस्ती छापली का? वेधशाळा अंदाज देते तेव्हा तो कशावरून देते? औषधाची चाचणी कुणी आणि किती जणांवर केली? ज्यांची चूक पकडता येते, ज्यांना जाब विचारता येतो आणि जे आपली कागदपत्रं उघडी ठेवतात, त्यांच्यावर सामान्यपणे जास्त विसंबावं, ही कसोटी नववीतल्या मुलाला समजते. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांच्या मराठी आवृत्त्यांतले लेख या दृष्टीने वर्गात वाचण्यासारखे आहेत. निष्कर्षापर्यंत ते कसे पोचले, याची प्रत्येक पायरी त्यांत लिहिलेली असते आणि मुलांना ती स्वतः तपासता येते.

शेवटी गाडी परीक्षेवर येते, कारण आपल्याकडे जे परीक्षेत नसतं ते वर्गातही नसतं. एक प्रश्न सहज घालता येईल: पुढे एक संदेश दिला आहे, तो खरा मानण्यापूर्वी तुम्हाला काय काय कळायला हवं आणि ते तुम्ही कुठे शोधाल? याला एकच बरोबर उत्तर नाही. काही संदेशांबाबत तर 'मिळालेल्या माहितीवरून अजून सांगता येत नाही' हेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असेल. आपली गुणदानाची पद्धत अशा उत्तराला शून्य देते, आणि मुलंही म्हणून माहीत नसताना काहीतरी ठोकून द्यायला शिकतात. तपासाच्या पायऱ्या नीट लिहिल्या असतील तर या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत, एवढा एक बदल परीक्षा मंडळाने केला, तरी शिक्षक तो तास आपणहून घेऊ लागतील.